बर्ली, बर्ली

निवृत्तीनंतरची अकरा वर्षं मामांनी ह्यात घातली.
पावणेतीन फूट लांब, आठास एक,
लोखंडी पत्रा, पितळी रिव्हेट, वजन एकोणीस किलो.
मामी म्हणायची, ह्या घरात जड दोघंच,
हा ट्रक आणि हे.

चालत मात्र नव्हता.
"चालवायचा नाही की, उभा करायचाय," म्हणणारा माणूस
दिवाळीनंतर उजव्या अंगानं स्वतःच उभा राहीना,
तेव्हा स्कूटरवर पायांत ठेवून
मी तो उद्यमबागेत नेला.
आमच्या शॉपात पंपाचे शाफ्ट होतात.
सहानंतर लेथ माझं.

पुढचा आक्सल त्यांनी एकजीव ओतलेला.
हॅक्सॉचं तिसरं पातं तुटलं तसा हात थांबला.
लुमाण्णा मुतगेकर, हवालदार, एम.टी.,
आपल्या गाडीची चावी कधी कुणाला दिली नाही म्हणतात.
चौथं पातं लावलं.

वायपरची मोटर, पितळी गिअर,
स्टिअरिंगला सर्व्हो, सीटखाली बॅटरी.
सगळं बसलं आणि काहीच झालं नाही.
रिसीव्हर ऐकेना.
दोन रात्री वायरी तपासल्या, मग कळलं:
इतक्या चोख पत्र्याच्या आत रेडिओ बहिरा होतो.
केसाएवढी एक तार
ताडपत्रीच्या शिवणीतून बाहेर काढली.
शिवण शेजारच्या इराप्पाची. मागवाल्याचे टाके,
एक उसवायला अर्धा तास.

चाकांना खानापूरची तांबडी माती लावली, मलमलीतून चाळून.
मामांनी ती डाव्या अंगठ्यानं पुसली.
बोलणं आता अर्धंच येतं.
"तिकडं... राखे..."
तिकडं म्हणजे कुठं, हे तोंड धड होतं तेव्हाही
त्यांनी सांगितलेलं नाही.
फाउंड्रीच्या मागून जळकी वाळू आणली,
ओतकाम झाल्यावर फेकतात ती.
ती चालली.

डाव्या मडगार्डला पोचा होता, तो मी ठोकून सरळ केलेला.
बोटांनी शोधला त्यांनी. पुन्हा शोधला.
मग हातोडी माझी, जागा त्यांची,
आणि किती जोरात, तेही त्यांचंच.

रविवारी वडगावच्या बोळात ट्रक ठेवला,
रिमोट मांडीवर, अंगठा दांडीवर.
पोरं भिंतीला चिकटून उभी,
आता सुटणार बघ पुढं.
मामांनी आधी मागं घेतला.

इंच इंच.
पाण्याची टाकी आणि इराप्पाची सायकल,
मधे हातभर जागा.
इराप्पा माग सोडून आला, मागं उकिडवा बसला,
दोन्ही हात हलवत,
"बर्ली, बर्ली, बर्ली... साकु!"
आणि फळक्यावर दोन थापा.

तेव्हा मामांचा डावा हात रिमोट सोडून
खुर्चीच्या बाजूला खाली गेला
आणि तिथं नसलेला हँडब्रेक
त्यानं वर ओढला.

रात्री लाइट गेली, गल्लीतले माग एकदम गप्प.
मामा ट्रकच्या पोटाकडे बोट दाखवत राहिले.
मागच्या डिफरन्शियलचा गोळा पांढरा होता,
चूक समजून मी तो हिरवा करायला निघालो होतो.
काफिल्यात हेडलाइट बंद.
पुढच्याच्या पोटाखाली एक मिणमिणता बल्ब,
त्यात तेवढा पांढरा गोळा दिसतो,
तो धरून मागच्यानं चालायचं. रात्रभर.
एवढं सांगायला त्यांना पाऊण तास लागला.

मी एलईडी डकवला. उजेड जास्त झाला.
वर पतंगाचा पिवळा कागद. तरी जास्त.
अजून एक.
"साकु," मामा म्हणाले.
आख्खा शब्द.

मग ट्रक अंधारात निघाला,
आणि मी, अंतर ठेवून, मागं.